फोनची पेज

मुलीनं, आश्लेषानं, लामला जेवायला बोलावलंय, हे नंदकुमारला गुरुवारी संध्याकाळी इंडियन ग्रोसरीच्या रांगेत कळलं. हातात बेसनाचं पाकीट होतं आणि कोथिंबिरीच्या चार जुड्या. तिनंच आणायला सांगितल्या होत्या. फोनवर तिचा मेसेज आला. रविवारी आईसाठी जेवण करतोय ना आपण, तर लाम अंकल आणि चान आंटींना पण बोलावलं, आईच्या फोनमध्ये नंबर होते, दोघंही लगेच हो म्हणाले, तुला सरप्राइज देणार होते पण राहवलं नाही. खाली हसरा चेहरा. नंदकुमारनं तो मेसेज दोनदा वाचला. मागच्या बाईची ट्रॉली त्याच्या टाचेला लागली, ती सॉरी म्हणाली, तो नाही नाही म्हणाला आणि रांगेतून बाहेरच पडला. बेसन आणि कोथिंबीर त्यानं बिस्किटांच्या फळीवर ठेवली आणि गाडीत येऊन बसला. किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही. समोर एक माणूस रिकाम्या ट्रॉल्या एकात एक घालत होता. दहा मिनिटांनी त्याला आठवलं की कोथिंबिरीशिवाय घरी गेलं तर आश्लेषा विचारणार. तो परत आत गेला. बिस्किटांच्या फळीवरून कुणीतरी सगळं उचलून नेलं होतं. त्यानं पुन्हा बेसन आणि चार जुड्या घेतल्या, पुन्हा रांगेत उभा राहिला, आणि पैसे देताना मनात एकच चाललं होतं: लामला कसं थांबवायचं.

उल्का जाऊन आता तिथीनं वर्ष होणार होतं. श्राद्ध शनिवारी सकाळी देवळात होतं, त्याची नंदकुमारला काळजी नव्हती. तिथे गुरुजी सांगतील तसं करायचं. रविवारचं जेवण आश्लेषाच्या डोक्यातून आलं होतं. ती जर्सी सिटीहून आठवडाभराची रजा घेऊन आली होती. आईला ओळखणारे चार लोक घरी यावेत, आईच्या आवडीचं खावं, तिच्याबद्दल बोलावं, एवढंच तिला हवं होतं. त्यात वावगं काही नव्हतं. पण लाम बोलला असता. लाम आणि चानबाई त्या दिवशी टेबलावर होते. तिसरा सिद्धेश, तो नोकरी बदलून टेक्सासला गेला होता. उल्काचा फोन वाजत असताना नंदकुमार कुठे होता आणि काय करत होता, हे साऱ्या जगात त्या तिघांना ठाऊक होतं. आश्लेषाला ठाऊक नव्हतं. तिला वर्षभर दुसरंच ठाऊक होतं.

लाम आणि तो फ्रीमाँटच्या एका कंपनीत सतरा वर्षं बरोबर होते. कंपनी पॉवर सप्लायचे बोर्ड बनवायची. नंदकुमार टेस्टिंगला, लाम रिपेअरला. नंदकुमारनं नापास केलेला बोर्ड लामच्या बेंचवर जायचा. दोघांचंही इंग्रजी कामापुरतं. बाकीचे लोक जेवायला बाहेर जायचे, हे डबेवाले चौघं मायक्रोवेव्हजवळच्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसायचे. लाम हाँगकाँगचा, चानबाई ग्वांगझूच्या. ती दोघं आपसात त्यांच्या कँटनीज भाषेत बोलायची आणि त्या बोलण्यात सारखं काहीतरी शिजत असायचं. पहिल्यांदा लेऑफ झाले तेव्हा लाम म्हणाला होता, आज अकरा जणांचा माकूळ परतला. नंदकुमार नागपूरचा, समुद्रातला माकूळ त्याला माहीत नव्हता. लामनं फोनवर चित्र दाखवलं, मग कागदाचा तुकडा घेऊन तापलेल्या कढईत माकूळ कसा गुंडाळला जातो ते करून दाखवलं. जुन्या काळी नोकर मालकाकडेच राहायचा, नोकरी गेली की आपलं अंथरूण गुंडाळून निघायचा, म्हणून माकूळ. नंदकुमार म्हणाला, आमच्याकडे गाशा गुंडाळतात. गाशा म्हणजे काय हे त्याला नीट सांगता येईना, शेवटी अंथरूणच म्हणाला, तेव्हा लामनं टेबलावर थाप मारली. त्या थापेपासून त्यांची खरी दोस्ती. मग रोज एक. मुलीनं नकार दिला की मुलगा लिंबू खातो. मत्सर झाला की माणूस व्हिनेगर पितो. दुसऱ्याच्या चुकीचा ठपका आपल्यावर घेतला की मेलेलं मांजर खाल्लं, किंवा पाठीवर कढई घेतली. बिघडलेलं निस्तरणं म्हणजे कढईला ठिगळ लावणं, आणि लाम स्वतःच्या कामाला तेच म्हणायचा. गोष्ट वाढवून सांगणारा तिच्यात मीठ आणि व्हिनेगर घालतो, हे ऐकल्यावर नंदकुमारनं त्याला तिखटमीठ लावणं शिकवलं. चानबाई म्हणाल्या, तुमचं आमचं सगळं सारखंच, फक्त तुम्हाला व्हिनेगर मिळालं नाही.

घरी गेल्यावर उल्का चहा टाकता टाकता विचारायची, आज लामनं काय शिजवलं? तो सांगायचा आणि ती ते शब्द वापरायची. नागपूरला नणंदेनं नव्या फ्लॅटबद्दल काही खोचक म्हटलं की उल्का फोन ठेवून म्हणायची, तुमच्या बहिणीनं आज बाटलीभर व्हिनेगर प्यायलं. तिला एक शब्द सगळ्यांत आवडायचा, तो लामनं तिच्यावरूनच काढला होता. उल्का रोज बारा वीसला फोन करायची. कारण काही नसायचं. दूध आणायचंय का, नळ पुन्हा गळतोय, अमक्याच्या मुलीचं ठरलं. नंदकुमारचा घास हातात राहायचा आणि डबा गार व्हायचा. लाम म्हणाला, फोनची पेज शिजतेय. तांदळाची पेज मंद आचेवर दीड-दोन तास ठेवावी लागते, सारखं ढवळावं लागतं, सोडून जाता येत नाही. लांबलेल्या फोनला त्यांच्याकडे तेच म्हणतात. उल्कानं लामकडून ते मूळ शब्द फोनवरच शिकून घेतले, बोउ दिन वा जुक, आणि त्यानंतर फोन उचलला की हॅलोच्या जागी ती तेच म्हणायची.

खेळ लामनं काढला. जेवताना सगळ्यांचे फोन टेबलाच्या मधोमध एका प्लॅस्टिकच्या भांड्यात टाकायचे. जेवण संपायच्या आत ज्यानं आपला उचलला, त्यानं दुसऱ्या दिवशी चौघांसाठी घरून काही करून आणायचं. म्हणजे नंदकुमारनंच आणायचं. बारा वीस झाले की भांडं वाजायचं, तो पाच-सात रिंगा दम धरायचा आणि मग हात जायचाच. दुसऱ्या दिवशी मोठा डबा. साबुदाण्याचे वडे, पाटवड्या, आणि कोथिंबीर ठासून भरलेल्या सांबारवड्या, ज्या लामला त्याच्या स्प्रिंग रोलच्या मावसबहिणी वाटायच्या. उल्काला खेळ माहीत होता. ती तरीही फोन करायची. तिला तळायला आवडायचं, निदान नंदकुमारला तसं वाटायचं.

त्या बुधवारी सकाळी ती डबा भरत होती. ओट्याशी उभी, केस ओले, खांद्यावर पंचा. म्हणाली, आज फोन उचलू नका हं. हरता तुम्ही आणि तळत बसते मी. मी मुद्दाम लावीन, दहादा लावीन, बघते किती टिकता. तो म्हणाला, पैज? ती म्हणाली, पैज. आणि डब्याचं झाकण दाबून बसवलं. एवढंच. गेल्या वर्षभरात त्यानं हे इतक्या वेळा आठवलं होतं की आता तिच्या आवाजात ते ऐकू येईना, त्याच्या स्वतःच्या आवाजात ऐकू यायचं. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा काही होतं का? ती दमली होती का? खांदा चोळत होती का? कधी वाटायचं चोळत होती. कधी वाटायचं, हे आपण मागाहून घातलं.

दुपारी त्यानं टेबलावर पैजेचं सांगून टाकलं. त्यामुळे बारा एकवीसला भांडं वाजलं तेव्हा चौघंही तयार होते. सिद्धेशनं टेबलावर बोटांनी ताल धरला. फोन थांबला, दोन मिनिटांनी पुन्हा वाजला. लाम उठला आणि हातात मोठी पळी असल्यासारखं करून भांड्यात ढवळायला लागला, अगदी मन लावून, कडेचं खरवडून. चानबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग बराच वेळ काही नाही. नंदकुमारला वाटलं, थकली. बारा चौतीसला पुन्हा वाजला, दोनच रिंगा, आणि बंद पडला. सगळ्यांत मोठ्यानं नंदकुमार हसला. सतरा वर्षांत पहिल्यांदा तो जिंकला होता, टाळ्या वाजल्या. बारा पन्नासला त्यानं फोन लावला. तिनं उचलला नाही. त्याला वाटलं, आता ती आपली गंमत करतेय. मग एक लॉट टेस्टिंगला आला आणि तो कामाला लागला. साडेचारला घरी पोचला. ती स्वयंपाकघरात होती, फोन ओट्याखाली सरकलेला, गॅसवर काही नव्हतं. अँब्युलन्स सहा मिनिटांत आली. तिला यायला उशीर झाला नाही. हॉस्पिटलमध्ये त्यानं डॉक्टरला विचारलं, लवकर कळलं असतं तर? डॉक्टर तरुण होती, तिनं त्याच्या दंडाला हात लावला आणि म्हणाली, असं काही सांगता येत नाही. त्यातलं सांगता येत नाही एवढंच त्याच्याबरोबर घरी आलं.

तिनं ९११ का लावला नाही? हेही तो विचारायचा, बहुतेक गाडी चालवताना. एकदा फोडणीच्या धुरानं अलार्म वाजला होता, आगीचा बंब आला, ओळीतल्या सगळ्या टाउनहाऊसमधले लोक बाहेर येऊन उभे राहिले, आणि उल्का त्यानंतर दोन दिवस दाराबाहेर पडली नव्हती. छातीत दुखायला लागलं तेव्हा तिला तो बंब आठवला असेल. लोक जमतील, आधी ह्यांना विचारू. बावीस वर्षं इथे राहिलेली बाई, आणि मदत कुणाला मागायची तर नवऱ्याला.

आश्लेषा दुसऱ्या दिवशी पहिल्या विमानानं आली होती. तिनं आईचा फोन उघडला, तिन्ही फोन तिथे वेळेसकट दिसत होते. तिनं विचारलं, बाबा, तुला तिनं तीनदा लावला होता? आणि नंदकुमार म्हणाला, ऑडिट होतं, पाऊण वाजेपर्यंत फोन लॉकरमध्ये होते. वर्षातून दोनदा गिऱ्हाइकाचं ऑडिट असायचं आणि तेव्हा फोन खरोखरच लॉकरमध्ये ठेवावे लागायचे, त्यामुळे ते वाक्य तयारच होतं. त्यानं शोधलंही नाही. आश्लेषानं त्याला मिठी मारली आणि म्हणाली, तुझी काही चूक नाही. त्यानंतर जर्सीला परत गेल्यावर दर रविवारी ती फोन करायची आणि फोन ठेवायच्या आधी तेच म्हणायची, बाबा, तुझी चूक नव्हती. तो बरं म्हणायचा. पुढे पुढे त्याला रविवारची भीती वाटायला लागली. खरं सांगायचं त्यानं ठरवलं नव्हतं असं नाही. पण खरं सांगायचं तर उल्का सकाळी काय म्हणाली तेही सांगावं लागलं असतं, आणि ते सांगितलं की वाटणार, बाबा आईवर ढकलतोय. ते गाळून सांगितलं की उरतं ते पुन्हा खोटंच. या दोहोंमध्ये तो वर्षभर उभा होता.

शुक्रवारी त्याला जेवण गेलं नाही. आश्लेषा आईचं कपाट आवरत होती. मधूनच एखादी साडी घेऊन बाहेर यायची आणि विचारायची, ही कधीची? तो सांगायचा. जेवण पुढे ढकलता येईल का, आपल्याला ताप आला तर, लामलाच काही काम निघालं तर, असलं काहीबाही त्याच्या डोक्यात फिरत होतं. आश्लेषानं कपाळाला हात लावून पाहिला. म्हणाली, यू आर कोल्ड, बाबा. बीपीची गोळी घेतलीस? त्यानं घेतली होती. त्यानं अजून एक घेतली असती. तिचा हात कपाळावर होता तेवढा वेळ त्याला वाटत राहिलं, हा हात ज्याच्या कपाळावर आहे तो दुसराच कुणी माणूस आहे.

शनिवारी देवळातून आल्यावर दूध आणायचं निमित्त करून तो लामकडे गेला. लाम नाताळात रिटायर झाला होता. दार उघडलं तेव्हा त्याच्या अंगावर एप्रन होता, मनगटांना पीठ होतं. बायको ओकलंडला लेकीकडे गेली होती. त्यानं काचेच्या ग्लासात चहा दिला आणि समोर बसला. नंदकुमार हवापाण्याचं बोलला, रिटायर होऊन कसं वाटतं ते विचारलं. लामनं थोडं ऐकून घेतलं आणि मग म्हणाला की तुझ्या मुलीनं बोलावलं हे फार बरं झालं, वर्षभर मी वाट बघत होतो. मला तिला काही सांगायचं आहे. खेळ माझा होता. भांडं मी आणलं, ढवळलं मी. ती कढई माझी आहे आणि तू पाठीवर घेऊन फिरतोस.  नंदकुमारनं ग्लास खाली ठेवला आणि ऑडिटचं सांगून टाकलं, सगळं, लॉकरसकट. लामला कळायला वेळ लागला.

"म्हणजे त्या दिवशी आपण टेबलावर नव्हतोच?"

"नव्हतो."

"मग तिनं लॉकरला फोन केला."

लाम हे चिडून म्हणाला नाही. बोर्ड हातात घेऊन बिघाड कुठे आहे ते सांगावं तसं म्हणाला. नंदकुमारनं त्याला सांगितलं की ती माझी एकुलती एक आहे. लाम एप्रनला हात पुसत राहिला. शेवटी म्हणाला, तू म्हणशील तसं, चानला मी समजावतो. निघताना त्यानं पिशवीभर संत्री दिली, त्यांचं नवीन वर्ष नुकतंच झालं होतं. नंदकुमार दूध न घेताच घरी आला. आश्लेषा म्हणाली, दूध? तो म्हणाला, संत्री.

रविवारी दोघं बाराच्या आत आले. दारात बूट काढले. चानबाईंनी पांढरी शेवंती आणली होती. उल्काचा फोटो खिडकीजवळच्या टेबलावर होता. लाम त्याच्यासमोर उभा राहिला आणि कमरेतून वाकला, एकदा, दोनदा, तीनदा, प्रत्येक वेळी नीट सरळ होऊन मग पुन्हा. आश्लेषा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती, तिनं पदरासारखी ओढणी डोळ्यांना लावली. जेवायला बसल्यावर मात्र सगळं सैल झालं. आश्लेषानं सांबारवड्या केल्या होत्या, तळताना त्या फुटल्या होत्या. चानबाईंनी एक उचलून सगळ्या बाजूंनी पाहिली आणि म्हणाल्या, तुझ्या आईची फुटत नसे. आश्लेषा हसली. आईची लगेच संपत असे का, तिनं विचारलं. लाम म्हणाला, मी डबा उघडायच्या आधीच संपत असे. तिनं त्याला ते स्वयंपाकाचे शब्द सांगायला लावले, आईनं फोनवर सांगितलेले अर्धे तिला येत होते. माकूळ, लिंबू, व्हिनेगर. तिच्या ऑफिसात मागच्याच महिन्यात तीस जणांचा माकूळ परतला होता. ती पोटभर हसली, या आठवड्यात पहिल्यांदाच. नंदकुमारही हसला. त्याची बोटं गार पडली होती, ती त्यानं ताटाखाली धरली होती, भाताची ऊब लागावी म्हणून.

आश्लेषानं विचारलं, पण आई एवढं तळून का पाठवायची? चानबाई म्हणाल्या, तुझा बाबा रोज हरायचा ना. काय हरायचा? चानबाईंनी लामकडे बघितलं. लामनं खेळ सांगितला, फोन, भांडं, दुसऱ्या दिवशीचा डबा, हलक्या आवाजात, कडेकडेनं. आश्लेषा म्हणाली, ओ माय गॉड, म्हणजे ती मुद्दाम फोन करायची? रोज? जवळजवळ रोज, लाम म्हणाला. ती हसत होती आणि हसता हसता तिचं हसू कमी होत गेलं. दोन कागद शेजारी ठेवून त्यांत काय जुळत नाही ते शोधणं हेच तिचं बँकेतलं काम. तिनं लामलाच विचारलं, वडिलांकडे न बघता.

"बट दॅट डे देअर वॉज अॅन ऑडिट. राइट?"

लामनं चमचा खाली ठेवला. हो म्हणाला. ऑडिट होतं. दोन ऑडिटर होते. एक उंच होता. एकाचा शर्ट निळा होता, तो दुपारी लवकर गेला, नाही, सकाळी. फोन आम्ही आठ वाजता ठेवले, लॉकर नंबर चौदा. त्याचे कान लाल झाले होते. सतरा वर्षांत लाम नंदकुमारशी एकदाही खोटं बोलला नव्हता. जो बोर्ड दुरुस्त होणार नाही त्यावर तो होणार नाही असंच लिहायचा. आता तो चौसष्ट वर्षांचा माणूस मोजे घालून त्याच्या घरात बसला होता, ज्या फोटोपुढे वाकला त्याच्यापासून चार हातांवर, आणि येत नसलेलं तिखटमीठ लावत होता. चानबाई ताटात बघत होत्या. अजून एक वाक्य, आणि लामनं तिसरा ऑडिटर आणला असता.

"आशू," नंदकुमार म्हणाला, "ऑडिट नव्हतं."

तो मराठीत बोलला. पाहुण्यांना ऑडिटखेरीज एक शब्द कळत नव्हता, पण लामनं डोळे मिटले. नंदकुमारनं सांगितलं की फोन त्याच्यासमोर होता, हाताच्या अंतरावर. तीनही वेळा त्यानं नाव वाचलं. खेळ चालू होता. आणि तो थांबला, कारण पुढचं सांगायचं नव्हतं. आश्लेषानं विचारलं, पण तू तर रोज उचलायचास, त्या दिवशी का नाही? आता काही गाळता येईना.

"तीच म्हणाली होती. सकाळी, डबा भरताना. आज उचलू नका, मी मुद्दाम लावीन."

"हे तू मला का नाही सांगितलंस?"

"खरं आहे. पण माझ्या तोंडून बरं दिसत नाही."

ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली. नळाचा आवाज आला, बराच वेळ. लाम खुर्ची मागे सारायला लागला तेव्हा चानबाईंनी त्याची बाही धरली आणि काहीतरी कडक बोलल्या. मेलेल्या माणसाच्या नावानं वाढलेलं ताट अर्धं सोडत नाहीत, असं ते होतं, लामनं नंतर दारात सांगितलं. आश्लेषा गरम वड्या घेऊन आली. तिनं लामला वाढल्या, चानबाईंना वाढल्या. नंदकुमारच्या ताटापाशी आली, थांबली, आणि ताटली टेबलावर ठेवून आपल्या जागी बसली. सगळे जेवले. चानबाईंनी दोनदा मागून घेतलं, त्यांना भूक नव्हती हे दिसत होतं. लामनं जाताना नंदकुमारचा दंड धरला आणि सोडला.

दार लावून तो परत आला तेव्हा ती ताटं गोळा करत होती. तो मदतीला पुढे झाला, ती म्हणाली, राहू दे. मग हातात दोन ताटं तशीच धरून उभी राहिली.

"वर्षभर मी तुला दर रविवारी सांगत होते, तुझी चूक नव्हती. तू ऐकून घेत होतास."

"हो."

"एव्हरी सिंगल संडे, बाबा."

"हो."

बाहेर शेजारच्यांची पोरं स्कूटर फिरवत होती, चाकांची घरघर भिंतीपलीकडून जात-येत होती. नंदकुमारला वाटलं, ती आता वर जाईल, बॅग भरेल, मंगळवारचं तिकीट आजचं करून घेईल.  आश्चर्य म्हणजे बोटं अजून गारच होती. सांगून टाकलं की काहीतरी उतरतं असं लोक म्हणतात, त्याचं काही उतरलं नव्हतं. फक्त आता टेबलाशी उभ्या असलेल्या ज्या माणसाला ती बघत होती, तो खरोखर तोच होता.

"तिसरा फोन आला तेव्हा तू काय करत होतास?"

तो म्हणू शकला असता, वाट बघत होतो. म्हणू शकला असता, काळजी वाटायला लागली होती. बारा चौतीसनंतर कधीतरी तशी काळजी वाटली होती अशी त्यानं वर्षभर स्वतःची समजूत घालून पाहिली होती.

"हसत होतो," तो म्हणाला.

आश्लेषानं ताटं खाली ठेवली.  मग तिनं लाम बसला होता ती खुर्ची ओढली आणि बसली. त्यालाही बसायची खूण केली नाही, पण समोरची खुर्ची पायानं जराशी बाहेर ढकलली.

"सांग," ती म्हणाली. "पहिल्या रिंगपासून. आणि आता काही गाळू नकोस."

नंदकुमार बसला. त्यानं टेबलावरची शितं हातानं एका बाजूला केली.

"रिंगपासून नाही," तो म्हणाला. "सकाळपासून सांगावं लागेल. तिचे केस ओले होते."